जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स: डिस्क तपासण्यापासून रियाजापर्यंत

पाचव्या पिढीचा आयपॉड, म्हणजे २००५-०६ मधला 'आयपॉड व्हिडिओ', आजही अनेक घरांत कपाटाच्या खणात पडून असतो. जुन्या वस्तूंच्या बाजारातही तो मिळतो. ॲपलने २०२२ मध्ये आयपॉड हा प्रकारच बंद केला, त्यामुळे त्याची मूळ प्रणाली आता आहे तिथेच थांबली आहे. फ्लॅक, ऑग, ओपस या प्रकारच्या ध्वनिफाइल्स ती वाजवत नाही आणि गाणी भरायला आयट्यून्सशिवाय पर्याय ठेवत नाही. रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली या दोन्ही अडचणी सोडवते. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांनी ती आर्कोसच्या प्लेअरसाठी लिहायला घेतली. आज ती कितीतरी प्लेअरवर चालते आणि तिची ४.० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली.

रॉकबॉक्स चढवणं हे जेमतेम दहा मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो त्याआधी डिस्क आणि फॉरमॅट तपासण्यात, आणि त्यानंतर गाण्यांचे टॅग, म्हणजे फाइलमधली गायक-अल्बमची माहिती, लावण्यात. 'रॉकबॉक्स बिघडलं' अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन ठिकाणीच सापडतं, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आधी यंत्र ओळखा

या पिढीचे ३०, ६० आणि ८० जीबीचे नमुने निघाले. ३० जीबीचा पातळ आहे आणि त्यात ३२ एमबी रॅम आहे. ६० आणि ८० जीबीचे जाड आहेत आणि त्यांत ६४ एमबी. रॉकबॉक्स गाणी आधी रॅममध्ये ओढून घेतं आणि मग डिस्क थांबवतं, त्यामुळे रॅम जास्त असली की डिस्क कमी वेळा फिरते आणि बॅटरी जास्त टिकते. विकत घेताना भाव फार वेगळा नसेल तर जाड घ्यावा.

चार बटणांच्या जोड्या आधीच पाठ करून ठेवा, पुढे सतत लागतात. वरची होल्डची कळ एकदा लावून मागे घ्या. मग 'मेनू' आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. साधारण सहा ते दहा सेकंदांत सफरचंदाचं चिन्ह येतं. हे झालं रीसेट. चिन्ह दिसताक्षणी बोटं काढून मधलं बटण आणि 'प्ले' दाबून धरलं की 'डिस्क मोड' येतो. प्लेऐवजी 'मागे' धरलं तर तपासणी मोड उघडतो. रॉकबॉक्स बसल्यावर कधी ॲपलची मूळ प्रणाली हवी झाली, तर यंत्र चालू करून लगेच होल्डची कळ लावायची.

यातला डिस्क मोड सर्वांत मोलाचा. तो हार्डडिस्कवर नसून आतल्या वेगळ्या चिपमध्ये आहे. डिस्कवर काहीही गोंधळ झाला तरी तो उघडतो आणि यंत्र संगणकाला जोडता येतं. हा आयपॉड सॉफ्टवेअरमुळे कायमचा मेला असं सहसा होत नाही ते याचमुळे.

डिस्कची तब्येत

वीस वर्षांची १.८ इंची हार्डडिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. तपासणी मोडमध्ये 'आयओ', त्यात 'हार्डड्राइव्ह' आणि त्यात 'स्मार्ट डेटा' असा रस्ता आहे. तिथे चार-पाच आकडे दिसतात, त्यांतले दोन महत्त्वाचे. 'रीॲलॉक्स' म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून टाकलेल्या जागा, आणि 'पेंडिंग सेक्टर्स' म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात ठेवलेल्या जागा. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. रीॲलॉक्स थोडे असतील आणि महिनाभर वाढले नाहीत तर चालवून घ्या. पेंडिंग शून्य नसेल तर त्या डिस्कवर वेळ घालवू नका. अशी डिस्क नेमकी गाणी भरताना अडकते आणि दोष रॉकबॉक्सला लागतो.

डिस्क काढून तिच्या जागी अडॅप्टरवर एसडी कार्ड बसवणं हा आता रुळलेला मार्ग आहे. वजन कमी होतं, खरखर थांबते, पडझडीची भीती जाते. कार्ड घेतल्यावर ते लावण्याआधीच संगणकावर पूर्ण भरून, परत वाचून तपासा. १२८ जीबी म्हणून ३२ जीबीचं बनावट कार्ड गळ्यात मारणारे विक्रेते कमी नाहीत, आणि असं कार्ड पहिले ३२ जीबी अगदी गुणी बाळासारखं वागतं.

उघडताना धातूचं पातं शेवटचा उपाय म्हणून वापरा. प्लॅस्टिकची पट्टी पुढच्या पांढऱ्या वा काळ्या कवचाच्या आणि मागच्या स्टीलच्या मधल्या फटीत घालून बाजूच्या खाचा एकेक करून सोडवा. मागचं झाकण सुटलं की ते झटकन उघडू नका. त्याला दोन पट्ट्या चिकटलेल्या असतात, एक बॅटरीची आणि एक हेडफोन व होल्डच्या कळीची. बोटभर फट करून आधी बॅटरीच्या पट्टीची तपकिरी खिट्टी नखाने किंचित वर करा. ती पूर्ण निघत नाही, फक्त उचलली जाते. जोर लावला तर मुळातून उखडते आणि मग बोर्डाच्या कामाशिवाय इलाज नाही. डिस्कच्या पट्टीची खिट्टीही अशीच उचलायची. नवं अडॅप्टर लावताना पट्टी सरळ आणि पूर्ण आत गेली आहे ना ते भिंगातून पाहा. सफरचंदाच्या चिन्हानंतर दुःखी चेहऱ्याचं चित्र आलं, तर दहातल्या आठ वेळा ही पट्टी तिरकी बसलेली असते.

हार्डडिस्क निघाल्यावर जागा उरते, तिथे मोठ्या क्षमतेची बॅटरी बसते. झाकण दाबून बंद करावं लागेल एवढी जाड बॅटरी घालू नका. लिथियम बॅटरी वापरात थोडी फुगते आणि तो दाब थेट स्क्रीनच्या पाठीवर येतो.

फॉरमॅट: इथेच गाडी अडते

या आयपॉडवर रॉकबॉक्सला डिस्कवर फाइल्स मांडण्याची फॅट३२ ही पद्धत लागते. मॅकवर रीस्टोअर केलेला आयपॉड एचएफएस प्लस या पद्धतीने बांधला जातो, आणि त्यावर रॉकबॉक्स चालत नाही. सोपा उपाय असा: कुणाचा तरी विंडोजचा संगणक घ्या, आयट्यून्स चढवा, आयपॉड जोडून 'रीस्टोअर' करा. विंडोजवरचं रीस्टोअर फॅट३२ च देतं. यात सगळी गाणी पुसली जातात, म्हणून आधी नक्कल काढून ठेवा. कार्ड नवं बसवलं असेल तरी हेच करायचं, कारण ॲपलचा छुपा फर्मवेअरचा भाग रीस्टोअरशिवाय तयार होत नाही आणि रॉकबॉक्सचा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली उघडणारा छोटा प्रोग्राम, नेमका तिथेच लिहिला जातो.

रीस्टोअर झाल्यावर ॲपलच्या प्रणालीत एखादं गाणं टाकून वाजवून बघा. मूळ प्रणालीच धड चालत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

चढवण्याचे टप्पे

आयट्यून्स पूर्ण बंद करा. मागे चालणारा त्याचा मदतनीस प्रोग्रामसुद्धा. रॉकबॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'रॉकबॉक्स युटिलिटी' उतरवा. विंडोजवर ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, लिनक्सवर रूटच्या अधिकाराने. साध्या अधिकाराने उघडली तर ती फाइल्स कॉपी करते, पण बूटलोडर लिहिताना अडते, कारण तो नेहमीच्या फोल्डरात न जाता डिस्कच्या फर्मवेअर विभागात जातो.

युटिलिटीत यंत्र आपोआप ओळखू द्या आणि दाखवलेला ड्राइव्ह आयपॉडचाच आहे याची खात्री करा. मग यादीत बूटलोडर, रॉकबॉक्स आणि फॉन्ट या तिन्हींवर खूण करा. थीम नंतर टाकता येतात. स्थिर आवृत्ती घ्या. रोज बदलणाऱ्या विकास-आवृत्तीच्या मागे लागण्याचं कारण नाही. काम संपलं की ड्राइव्ह 'इजेक्ट' करा, केबल काढा आणि रीसेट करा. पहिल्या सुरुवातीला बूटलोडरच्या काही ओळी आणि मग रॉकबॉक्सचं चिन्ह दिसेल.

बूटलोडरच्या ओळी येऊन 'फाइल नॉट फाउंड' असं काही आलं, तर बूटलोडर बसला आहे पण '.रॉकबॉक्स' हे फोल्डर मुळाशी नाही. बहुतेक वेळा झिप हाताने उलगडताना ते दुसऱ्या फोल्डराच्या पोटात गेलेलं असतं. नावाची सुरुवात टिंबाने असल्यामुळे मॅक आणि लिनक्स ते लपवतात, म्हणून 'फोल्डर नाहीच' असं ठरवण्याआधी लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय चालू करा. उलट, थेट ॲपलचीच प्रणाली उघडत असेल तर बूटलोडर लिहिला गेलेला नाही, किंवा होल्डची कळ लागलेली राहिली आहे.

रोजच्या वापरात चाक म्हणजे आवाज, मेनू म्हणजे मुख्य यादी, मधलं बटण दाबून धरलं की त्या गाण्यापुरती किंवा फोल्डरापुरती कामांची यादी. बंद करायला प्ले दाबून धरायचं.

गाणी: आधी टॅग, मग कॉपी

आता आयट्यून्सची गरज संपली. 'संगीत' नावाचं फोल्डर करा आणि ड्रॅग करून टाका. खरं तर 'संगीत' असं लिहू नका, रोमन लिपीत लिहा. याचं कारण प्रत्येक मराठी वापरणाऱ्याने जाणून घ्यायला हवं. रॉकबॉक्स युनिकोड वाचतं, अरबी आणि हिब्रूची उजवीकडून डावीकडची मांडणीही करतं, पण देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी चिन्हंच नसतात, तेव्हा चौकोन दिसतात. युनिफॉन्टसारखा मोठा फॉन्ट लावला तर अक्षरं येतात, पण साठवलेल्या क्रमाने सुटी सुटी: 'विठ्ठल' मधली वेलांटी 'व' च्या पुढे जाऊन बसते आणि दोन 'ठ' च्या मध्ये हलन्त उघडा पडतो. वाचता येतं, पण डोळ्यांना त्रास होतो. म्हणून फाइलचं नाव, गायक, अल्बम हे सगळं रोमन लिपीत, आणि स्पेलिंग एकच ठेवा. एका गायकाचं नाव तीन प्रकारे लिहिलं की यादीत तीन गायक तयार होतात.

टॅग लावायला संगणकावर एमपी३टॅग किंवा पिकार्ड वापरा. रॉकबॉक्सच्या डेटाबेसमध्ये गायक, अल्बम, प्रकार आणि रचनाकार अशा याद्या तयारच मिळतात. आपल्या संगीतासाठी त्या थोड्या वाकवून वापराव्या. अभंगांना रचनाकाराच्या रकान्यात संताचं नाव भरा. 'कंपोझर' उघडलं की तुकाराम, नामदेव, चोखामेळा अशी यादी समोर येते आणि एकाच अभंगाच्या वेगवेगळ्या गायकांच्या चाली शेजारी सापडतात. शास्त्रीय गायनाला 'प्रकार' या रकान्यात राग लिहा. 'क्लासिकल' असं दोन हजार फाइल्सवर लिहून काय मिळतं? नाट्यसंगीताला अल्बम म्हणून नाटकाचं नाव द्या.

कॉपी झाल्यावर 'सेटिंग्ज', 'जनरल सेटिंग्ज', 'डेटाबेस' इथे जाऊन 'इनिशियलाइझ नाऊ' निवडा. काही हजार गाणी असतील तर यात अनेक मिनिटं जातात. तेवढ्यात यंत्र बंद करू नका. ते सांगेल तेव्हा एकदा बंद-चालू करा. पुढे नवी गाणी टाकली की 'अपडेट नाऊ' पुरतं. टॅग बदलूनही जुनीच नावं दिसत राहिली तर पुन्हा इनिशियलाइझ करा. त्याने किती वेळा काय ऐकलं याची नोंद आणि तारे पुसले जातात, म्हणून आधी त्याच यादीतलं 'एक्स्पोर्ट मॉडिफिकेशन्स' चालवा आणि नंतर 'इम्पोर्ट'. ज्या फोल्डरातलं काही डेटाबेसमध्ये नको आहे, उदाहरणार्थ भाषणं किंवा स्वतःच्या शिकवणीची रेकॉर्डिंग्ज, त्यात 'डेटाबेस.इग्नोअर' या नावाची रिकामी फाइल ठेवा. हे नाव अर्थात लहान रोमन अक्षरांतच लिहायचं.

मॅकवरून कॉपी केल्यास प्रत्येक गाण्याची एक भुतासारखी जोडफाइल दिसू शकते, नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेली. ती वाजत नाही. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' ही आज्ञा आयपॉडच्या ड्राइव्हवर चालवली की ती जाते.

मुखपृष्ठाचं चित्र प्रत्येक अल्बमच्या फोल्डरात 'कव्हर' या नावाने जेपेग म्हणून ठेवा. चित्र दिसत नसेल तर ते 'प्रोग्रेसिव्ह' जेपेग आहे का बघा. रॉकबॉक्स फक्त साधं, म्हणजे 'बेसलाइन' जेपेग उघडतं, आणि इंटरनेटवरून उतरवलेली निम्मी चित्रं प्रोग्रेसिव्ह असतात. स्क्रीन ३२० बाय २४० आहे, त्यामुळे ३०० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र ठेवून उपयोग नाही.

फाइलच्या प्रकाराबद्दल. १९२ केबीपीएसचं एमपी३ तासाला सुमारे ८६ एमबी घेतं. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक साधारण त्याच्या चौपट. फ्लॅक उलगडायला सोपं आहे, त्यामुळे कार्ड असेल तर बॅटरीचा फारसा तोटा नाही. मंकीज ऑडिओ, म्हणजे एपीई, त्यातही सर्वांत जास्त दाबलेलं, या जुन्या प्रोसेसरला झेपत नाही, गाणं अडखळतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइल्स वाजतात, पण बाहेर येताना दर खाली आणलाच जातो. त्या आधीच संगणकावर १६ बिट, ४४.१ वर आणा. जागा आणि बॅटरी दोन्ही वाचतात. डीआरएमचं कुलूप लावलेल्या विकतच्या फाइल्स चालत नाहीत.

आवाज लावताना

जुनी ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणं आणि आजची डिजिटल रेकॉर्डिंग्ज एकाच यादीत आली की दर गाण्याला चाक फिरवावं लागतं. यावर 'रीप्लेगेन' हा उपाय. संगणकावर फूबार२००० सारख्या प्रोग्रामने सगळ्या फाइल्सच्या आवाजाची पातळी मोजून घ्या. तो आवाजाला हात न लावता फक्त टॅगमध्ये आकडा लिहितो. मग रॉकबॉक्समध्ये 'प्लेबॅक सेटिंग्ज' मधल्या रीप्लेगेनमध्ये 'शफल असताना ट्रॅक गेन' निवडा आणि 'प्रिव्हेंट क्लिपिंग' चालू ठेवा. टॅग नसताना नुसती सेटिंग चालू करून काही होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

इक्वलायझर खरा पॅरामेट्रिक आहे, पण त्यात एक मेख आहे. कुठलाही पट्टा ६ डेसिबलने वर नेला तर 'प्रीकट', म्हणजे एकूण आवाजात आधीच केलेली घट, ६ डेसिबल द्या, नाहीतर तबल्याच्या थापेला आवाज फाटतो. शक्यतो वर नेण्यापेक्षा नको असलेला पट्टा खाली आणावा.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या कितीतरी फाइल्स एकाच कानात वाजतात. 'साउंड सेटिंग्ज' मधल्या 'चॅनल कॉन्फिगरेशन' मध्ये 'मोनो लेफ्ट' निवडा, म्हणजे डावीकडचा आवाज दोन्ही कानांत येतो. फाइल पुन्हा बनवायची गरज नाही.

रियाज आणि कीर्तन

गाणं शिकणाऱ्यांना रॉकबॉक्सचं खरं सुख इथे आहे. 'साउंड सेटिंग्ज' मध्ये 'टाइमस्ट्रेच' चालू करा आणि यंत्र बंद-चालू करा. हे न केल्यामुळेच 'पर्याय दिसतो पण चालत नाही' असं होतं. मग गाणं वाजत असताना मधलं बटण धरून 'पिच' उघडा. आता गती आणि पट्टी स्वतंत्र झाल्या. द्रुत तान ७० टक्क्यांवर आणा. सूर तिथेच राहतो, फक्त स्वर एकेक करून ऐकू येतात. ६० च्या खाली गेलं की आवाजाला पाण्यातल्यासारखी थरथर येते, तिथे हरकती नीट कळत नाहीत.

पट्टी बदलण्यासाठी सेमिटोनच्या पायऱ्या वापरा. काळी एकचं रेकॉर्डिंग पांढरी दोनमध्ये हवं असेल तर एक पायरी वर. टक्क्यांत ते १०५.९५ होतं. दोन-तीन पायऱ्यांपलीकडे गेलं की आवाज बालिश किंवा जड वाटतो, तेव्हा दुसरं रेकॉर्डिंग शोधणं बरं. काम झालं की १०० टक्क्यांवर परत आणा, नाहीतर पुढचं प्रत्येक गाणं त्याच पट्टीत वाजेल.

दोन-दोन तासांची कीर्तनं, व्याख्यानं ऐकणाऱ्यांनी 'जनरल सेटिंग्ज' मधलं 'बुकमार्किंग' लावून घ्यावं. 'बुकमार्क ऑन स्टॉप' ला 'विचारा' हा पर्याय ठेवा आणि 'अलीकडच्या बुकमार्कची यादी' चालू करा. गाण्यांच्या वेळी नाही म्हणायचं, कीर्तन थांबवताना हो. आठवड्याने उघडलं तरी निरूपण सोडलं तिथूनच सुरू होतं.

दृष्टी अधू असलेल्यांसाठी

रॉकबॉक्सचे सगळे मेनू बोलतात, ॲपलच्या त्या काळच्या प्रणालीत हे नव्हतं. युटिलिटीत 'व्हॉइस' फाइल बसवा, मग 'व्हॉइस' सेटिंगमध्ये ती चालू करा. फोल्डरांची नावं ऐकू यावीत म्हणून युटिलिटीतूनच 'टॉक' फाइल्स तयार करता येतात, आणि त्यासाठी वापरायच्या ईस्पीक या बोलक्या इंजिनात मराठी आवाज आहे. इंजिनाच्या पर्यायांत मराठीचा संकेत दिला आणि फोल्डरांची नावं देवनागरीत ठेवली, तर यंत्र ती मराठीत उच्चारतं. आवाज यांत्रिक आहे, पण 'भजन' आणि 'नाट्यसंगीत' यांतला फरक स्वच्छ कळतो. स्क्रीन न वाचणाऱ्या माणसाला वर सांगितलेली जोडाक्षरांची अडचण लागूच होत नाही, त्यामुळे आजीआजोबांसाठी यंत्र लावत असाल तर नावं बेलाशक देवनागरीत ठेवा.

बॅटरी आणि पुढची देखभाल

नवी बॅटरी घातली असेल तर 'सिस्टिम' मधल्या 'बॅटरी' यादीत तिची क्षमता एमएएचमध्ये भरा. न भरल्यास उरलेल्या वेळेचा अंदाज चुकतो, बाकी काही बिघडत नाही. सर्वांत जास्त वीज पडद्याचा उजेड खातो. तो पाच-दहा सेकंदांवर ठेवा. इक्वलायझर आणि टाइमस्ट्रेच नको तेव्हा बंद करा. नेमकी किती टिकते ते पाहायचं असेल तर 'बॅटरी बेंच' हा प्लगइन चालू ठेवून पूर्ण उतरेपर्यंत वाजवा. तो वेळेनुसार नोंदींची फाइल लिहून ठेवतो.

सगळं मनासारखं लागलं की 'मॅनेज सेटिंग्ज' मधून सेटिंग्जची फाइल जतन करा आणि ती संगणकावरही ठेवा. नव्या आवृत्तीला बूटलोडर पुन्हा लिहावा लागत नाही, युटिलिटीत फक्त 'रॉकबॉक्स' वर खूण करा. नंतर यंत्र चमत्कारिक वागू लागलं, थीम अर्धवट दिसली किंवा सुरू होताच गोठलं, तर डिस्क मोडमध्ये जोडून '.रॉकबॉक्स' फोल्डरातली 'कॉन्फिग' फाइल बाजूला काढा. सेटिंग्ज मूळपदावर येतात, गाण्यांना धक्का लागत नाही. तेवढ्यानेही न भागल्यास ड्राइव्हवर विंडोजची डिस्क-तपासणी चालवा. इजेक्ट न करता केबल ओढली की फॅट३२ च्या नोंदी बिघडतात, आणि रॉकबॉक्सला त्या स्वतः दुरुस्त करता येत नाहीत.

आयपॉड नसेल आणि सॅनडिस्कचा क्लिप प्लस हाती लागला, तर वरचं जवळजवळ सगळं त्यालाही लागू आहे. फरक दोनच. त्याच्या मायक्रोएसडीच्या खाचेत ६४ जीबी किंवा मोठं कार्ड घालायचं असेल तर ते एक्सफॅट असतं, ते आधी फॅट३२ करून घ्या. विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. आणि मूळ प्रणालीत जायचं असेल तर तिथे होल्डची कळ नाही, चालू करताना डावं बटण दाबून धरायचं.